ट्रान्सप्लांटनंतरची हाडं : कुठे पैसे वसूल झाले, कुठे पाण्यात गेले

मिक्सर घ्यायचा म्हटलं तर मोबाइलवर हजार माणसं आपलं मत घेऊन बसलेली असतात. हाडांची घनता मोजणारं डेक्सा सेंटर शोधायला गेलं की काय मिळतं? 'स्टाफ छान आहे.' 'पार्किंग नाही, एक तारा.' 'एसी फार थंड.' अहो, खुब्याचा स्कॅन काढतात की नुसत्या कमरेचा, मागच्या रिपोर्टशी ताडून बघतात का, उंची मोजतात का, याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. म्हटलं, आपणच लिहावं.

मी नाशिकरोडला लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. 2018 साली मुंबईत माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. आजार एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, डोनर धाकटा भाऊ. रक्त आता ठणठणीत आहे, रक्तगटसुद्धा त्याचाच झालाय. तेव्हापासून राखीच्या दिवशी ओवाळणी टाकताना हा गृहस्थ 'ताई, सगळं तर देऊन झालंय' म्हणून कटकट करतो. असो. ट्रान्सप्लांटनंतर घरच्यांचं, शेजाऱ्यांचं आणि पेशंटचंही सगळं लक्ष काउंटवर असतं. प्लेटलेट किती, डब्ल्यूबीसी किती. हाडांचं नाव कुणी घेत नाही. आपल्या देशातलं पहिलं ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये 1983 साली झालं, म्हणजे त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन दशकं जगायचं असा हा मामला आहे. तेवढी वर्षं उठायचं-बसायचं कशाच्या जोरावर?

नावं मी लिहिणार नाही. चांगल्याचं नाव घेतलं तर जाहिरात वाटते, वाईटाचं घेतलं तर नोटीस येते. शिवाय टेक्निशियन नोकऱ्या बदलतात, मशीनं बदलतात. काय बघायचं आणि काय विचारायचं ते लिहिते, ते जास्त टिकेल.

आधी थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय तारे का कापले ते कळणार नाही. ट्रान्सप्लांटच्या आधी जी जबरी किमो देतात (मला बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड होती, काहींना सगळ्या अंगाला रेडिएशन असतं), त्याने बहुतेक बायकांची पाळी जाते. माझी छत्तिसाव्या वर्षी गेली. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन जातं आणि इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजायला लागतात. मग जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी आपल्याच कातडीवर, तोंडावर, आतड्यावर उठणं. ते आवरायला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. ते महिनोन्‌महिने घेतलं की हाड बनायचं काम मंदावतं आणि मांड्यांचे स्नायू वितळतात. जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, तीही हाडांची मित्र नव्हेत. उन्हात जायचं नाही, कारण उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी उसळतो, म्हणून 'डी' जीवनसत्त्व कमी. आणि पडून राहणं आहेच. सगळ्यात जास्त हाड पहिल्या सहा ते बारा महिन्यांत जातं. कमरेचे मणके पुढे बरेचसे भरून येतात, खुब्याची मान मात्र सावकाश भरते आणि कधीकधी पूर्वीइतकी भरतच नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पहिल्या सेंटरची गंमत तिथेच आहे.

डेक्सासाठी मी पहिल्यांदा गेले ते घराजवळच्या एका सेंटरमध्ये, जवळ आहे म्हणून. बाईंनी आत घेतलं, झोपवलं, पाच मिनिटांत 'झालं, उठा'. रिपोर्टवर पाठीच्या कण्याचं रंगीत चित्र, हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि खाली एक आकडा. खुबा? 'डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं.' डॉक्टरांनी 'डेक्सा' लिहिलं होतं. कणा आणि खुबा दोन्ही घेणं ही नेहमीची पद्धत आहे, आणि ट्रान्सप्लांटवाल्यांच्या बाबतीत तर खुबाच जास्त महत्त्वाचा. माझ्या अंगात हूकचा ब्लाउज होता. पाठीवर सात हूक, सगळे लोखंडी, ते काढायला सांगितलं नाही. आता माझ्यासारख्या बाईला हूक दिसणार नाहीत का? मीच म्हटलं, 'अहो, हे चित्रात येईल.' त्या म्हणाल्या, 'चालतं.' चालत नसतं. कण्यावर धातू आला की तो हाड म्हणून मोजला जातो आणि घनता आहे त्यापेक्षा बरी दिसते. पाचपैकी एक तारा, तोही पैसे ऑनलाइन घेतले म्हणून.

दुसरं सेंटर कॉलेजरोडकडे, एका हाडांच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर. इथल्या टेक्निशियन मुलीने फोनवरच विचारलं, मधल्या काळात डाय घालून सीटी स्कॅन किंवा बेरियमची तपासणी झाली आहे का? झाली असेल तर काही दिवस थांबा. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी सकाळी घेऊ नका, पोटात राहिलेली गोळी कण्याच्या चित्रात येते. धातू नसलेले कपडे घालून या. मी नाडीची सलवार आणि बिनबटणाचा कुर्ता घालून गेले, तर तिने तरी नाडीच्या टोकाला लोखंडी टिकली आहे का ते चाचपून बघितलं. मला तिथेच ती पोरगी आवडली.

मग उंची. भिंतीला लावलेल्या पट्टीशी, अनवाणी, टाचा भिंतीला. उंचीचं महत्त्व मला दुकानात कळलंय. वर्षानुवर्षं माझ्याकडेच कुर्ते शिवणारी बाई साठीच्या पुढे गेली की तेच माप तिला पुढून लांब आणि मागून आखूड बसायला लागतं. पाठ वाकते म्हणून. मणका दबून मोडला तरी कित्येकदा दुखत नाही, बाई म्हणते 'वय झालं'. दोन सेंटिमीटर उंची कमी झाली तर ती नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. मी हे बोलले तर मुलगी म्हणाली, 'ताई, डॉक्टरांना सांगून बाजूने पण एक चित्र घेऊ या.' याच मशीनवर कुशीवर झोपवून कण्याचं बाजूचं चित्र घेता येतं, त्यात दबलेला मणका दिसतो. माझे मणके शाबूत निघाले.

कण्यासाठी पाय उचलून चौकोनी ठोकळ्यावर ठेवतात, म्हणजे कंबर गादीला टेकते. खुब्यासाठी पाऊल आतल्या बाजूला वळवून एका तिकोनी पट्टीला बांधतात. ते जरा अवघड जातं, पण तसं वळवलं नाही तर खुब्याची मान चित्रात आखूड येते. तिने विचारलं, 'ऑपरेशन कुठल्या बाजूचं?' माझं डावीकडचं, त्याबद्दल पुढे सांगते. मग तिने उजवा घेतला, कारण ज्या खुब्यात ड्रिल मारलंय तिथला आकडा भरवशाचा नसतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी, त्यामुळे 'पुन्हा रेडिएशन?' म्हणून घाबरायचं कारण नाही. आमच्या सासूबाईंना हे सांगायला मात्र मला डेक्सापेक्षा जास्त वेळ लागला.

रिपोर्टमध्ये दोन आकडे येतात, टी आणि झेड. टी म्हणजे धडधाकट तरुण माणसाशी तुलना, झेड म्हणजे आपल्याच वयाच्या माणसांशी. टी उणे एकच्या खाली गेला की हाड विरळ, उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ठिसूळ, ऑस्टिओपोरोसिस. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना आणि पाळी चालू असलेल्या बायकांना झेड बघतात. माझं वय कमी पण पाळी गेलेली, म्हणून माझ्या डॉक्टर दोन्हीकडे बघतात. माझ्या खुब्याच्या मानेचा टी उणे 2.6 होता. कणा उणे 1.4. म्हणजे पहिल्या सेंटरने नुसता कणा बघून 'थोडं कमी आहे, दूध प्या' म्हणून मला घरी पाठवलं होतं, आणि खरं नुकसान एक वीत खाली होतं.

पुढच्या वर्षी त्याच मशीनवर, त्याच मुलीकडे गेले, आणि हे प्रत्येकाने पाळावं असं माझं ठाम मत आहे. जुनी टेप ताणून अर्धा इंच वाढलेली असली तरी त्याच टेपने दरवेळी मापलं तर कपडा अंगाला बसतो. दोन टेपा वापरल्या की गोंधळ. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कंपनी वेगळी असेल तर मुळीच नाही. या सेंटरच्या रिपोर्टवर मशीनचं मॉडेल, मागचा आकडा आणि त्यातला फरक छापून येतो. फरक किती असला तर खरा मानायचा, हेही खाली लिहिलेलं असतं. कमरेच्या मणक्यात साधारण पाच टक्क्यांच्या आतला फरक हा झोपवण्यातला आणि मशीनचाही असू शकतो. म्हणून दोन टक्के वाढले म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि दोन टक्के घटले म्हणून रडायचं नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो रिपोर्ट फक्त इंग्रजीत देतात म्हणून, आणि खुर्च्या इतक्या खोल आहेत की हाडांच्या पेशंटने त्यातून उठायचं कसं, याचा विचार हाडांच्या दवाखान्याने केलेला नाही.

मध्येच एक इशारा. मेडिकलच्या दुकानाबाहेर मांडव घालून 'मोफत हाडांची तपासणी' होते, टाच एका डबीत घालायची आणि आकडा हातात. ती ध्वनिलहरींची तपासणी आहे, डेक्सा नाही. चाळणी म्हणून ठीक आहे, पण त्यावर औषध सुरू करायचं नाही आणि वर्षावर्षाची तुलना तर अजिबात नाही. शिबिरानंतर ज्या डब्या विकायला पुढे येतात त्यांच्याकडे बघूही नका.

आता डावा खुबा. दुखणं सुरू झालं ते जांघेत. रिक्षात चढताना पाय उचलला की कळ यायची आणि गुडघ्यापर्यंत उतरायची. माझं मशीन तेव्हा पायाचं होतं, संध्याकाळपर्यंत पायटा दाबून जीव जायचा. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. 'नॉर्मल आहे, स्नायू आखडलाय, शेक घ्या.' ट्रान्सप्लांटच्या फॉलो-अपला मुंबईला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी 'जांघेत दुखतं' एवढं ऐकलं आणि लगेच एमआरआय लिहिला, दोन्ही खुब्यांचा. हे 'दोन्ही' महत्त्वाचं. याला एव्हीएन म्हणतात. खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो आणि वजनाखाली एक दिवस चेंडू खचतो. लांबलेल्या स्टेरॉइडवाल्यांना हा धोका सगळ्यात जास्त, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना होतं, आणि सुरुवातीला एक्स-रेत काही म्हणजे काही दिसत नाही. डेक्सातही दिसत नाही. हाड दाट असून चेंडू मेलेला असू शकतो आणि हाड विरळ असून चेंडू जिवंत. दोन वेगळी दुखणी, दोन वेगळ्या तपासण्या. हे मला तेव्हा कुणीतरी एवढ्या साध्या भाषेत सांगायला हवं होतं.

एमआरआय सेंटरला चार तारे. आवाजासाठी कानात घालायला चांगले बोळे दिले, आणि सीडीवर सगळी चित्रं दिली, नुसता कागद नाही. डावीकडे दुसरी पायरी होती, चेंडू अजून गोल होता. खचायच्या आत असेल तरच ड्रिलने भोकं पाडून आतला दाब कमी करायचं ऑपरेशन कामाला येतं, ते केलं. उजवीकडे एक लहानसा डाग आहे, त्यावर लक्ष ठेवून आहेत. चेंडू खचला तर खुबा बदलणं आहेच, आणि आमच्या फॉलो-अपच्या रांगेत तिशीतला एक मुलगा दोन्ही खुबे बदलून बाईकवर येतो, त्यामुळे ती भीती मी मनातून काढून टाकली आहे.

फिजिओथेरपीचा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

पहिल्यांदा आम्ही घरी येणारी सेवा लावली, मोबाइलवरून बुक करायची. दरवेळी नवा माणूस. फाइल पुढे केली की 'मॅडम, सगळं माहिती आहे.' मग करंटचं मशीन लावायचं, गरम पिशवी ठेवायची, थोडं चोळायचं, वेळ संपली. माझी हाताची कातडी जीव्हीएचडीने घट्ट झालेली, तिथे गरम-गारचा अंदाज नीट येत नाही, आणि हे महाशय पिशवी ठेवून व्हॉट्सअ‍ॅप बघतायत. एकाने तर वाकून पायाचे अंगठे धरायला लावले. ठिसूळ मणक्याच्या माणसाने कमरेतून असं पुढे वाकायचं नसतं, त्याने मणका पुढच्या बाजूने दबतो. त्या दिवशी ह्यांनी ती सेवा बंद केली. शून्य तारे देता येत नाहीत म्हणून एक.

नंतर मिळाल्या त्या फिजिओ मॅडम. छोटी जागा, जिना चढून जायचं (हाडांच्या पेशंटला जिना! पण त्यांचं म्हणणं, जिना हीच पहिली परीक्षा). पहिल्या दिवशी त्यांनी हात लावला नाही. एक तास फाइल वाचली आणि फोटो काढले. दोन्ही हात डोक्यावर सरळ, मग कोपर वाकवून-सोडून, मग छातीशी नमस्कार, मग घोटा. त्यांच्याकडे एक छापील तक्ता आहे. त्यात खांदा, कोपर आणि मनगट-बोटं यांची प्रत्येकी सात चित्रं आणि घोट्याची चार, एकदम आखडलेल्या अवस्थेपासून पूर्ण मोकळ्यापर्यंत. आपलं चित्र कुठल्या चित्राशी जुळतं तेवढे गुण, सगळे मोकळे असतील तर पंचवीस. जीव्हीएचडीत कातडीखालचे पडदे आखडतात आणि सांधे हळूहळू बंद होतात, ते पकडायला जगभर हाच तक्ता वापरतात.

माझ्या नमस्कारात तळवे जुळत होते, पण मनगटं एकमेकांपासून लांब आणि कोपरं खाली लोंबलेली. कोपरं उचलायला गेले की बोटांच्या मुळाशी फट पडायची, आरपार उजेड दिसेल एवढी. देवासमोर रोज हात जोडत होते तरी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं होतं ते वेगळंच : ब्लाउजचे पाठीमागचे हूक लावता येईनासे झाले होते आणि सुईत दोरा ओवताना चिमूट घट्ट बसत नव्हती. मॅडमनी तेही लिहून घेतलं. 'हूक लावता येत नाही, तिसऱ्या हुकापर्यंत हात पोचतो.' असं लिहिणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. दर महिन्याला तेच फोटो, त्याच भिंतीसमोर, तोच तक्ता. आता पाचव्या हुकापर्यंत पोचते.

मग खुर्चीची चाचणी. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. स्टेरॉइड सगळ्यात आधी मांड्या आणि कुल्ले खातं, त्यामुळे भारतीय संडासातून, जमिनीवरच्या पंगतीतून, पोळपाटासमोरून उठताना हात टेकावे लागतात. पाडणारं ठिसूळ हाड नसतं, पाडणारी ही मांडी असते. हाड मग मोडतं. म्हणून मॅडमचा भर मांड्यांवर. खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, रबरी पट्ट्या. उड्या नाहीत, पळणं नाही, खुब्यामुळे. 'रोज चालते की मी' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, 'ताई, चालणं चांगलंच आहे, पण चालून मांडी भरत नाही.' करंटचं मशीन त्यांच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं आहे, माझ्यासाठी ते कधी उघडलं नाही.

दोष? दिलेली वेळ ही त्यांच्या दृष्टीने सूचना असते. साडेपाच म्हणजे सहा वाजून पंधरा मिनिटं. फोन उचलत नाहीत. आणि बाहेर बसलेल्यांसाठी टीव्हीवर मालिका एवढ्या मोठ्याने लावतात की आत 'श्वास घ्या' ऐकू येण्याऐवजी 'हे लग्न होणार नाही' ऐकू येतं. तरी पाचपैकी पाच. फी त्या घरपोच सेवेपेक्षा कमी.

हाडांचं वार्षिक सलाईन, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. मी डे-केअरमध्ये घेते. यासाठीच्या जागेला तारे देताना मी एकच बघते : सुई टोचायच्या आधी किती प्रश्न विचारले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केलं? (सायक्लोस्पोरिनने किडनी दमलेली असते आणि हे औषध दमलेल्या किडनीला झेपत नाही.) कॅल्शियम आणि डी भरलंय का? ते कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, हातापायाला मुंग्या, पेटके. आणि दात? ह्या औषधाने क्वचित जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होतो, म्हणून दात काढायचा असेल तर आधी काढून जखम भरू द्यायची. तोंडाच्या जीव्हीएचडीने लाळ कमी झाल्यामुळे आमचे दात तसेही पटापट किडतात. माझ्या डे-केअरच्या सिस्टरनी दंतवैद्याची चिठ्ठी मागितली, नव्हती तर परत पाठवलं. ह्यांची चिडचिड झाली, मी मनातल्या मनात एक तारा वाढवला.

बाटली पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात चढवू देऊ नका, माझ्या तिथे अर्धा तास घेतात. औषधाच्या दुकानात नीट बघा : हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा द्यायची ती 5 मिलिग्रॅमची तयार 100 मिलिलिटरची बाटली असते. 4 मिलिग्रॅमचं येतं ते वेगळं, त्याचं वेळापत्रकही वेगळं. डॉक्टरांनी कुठलं लिहिलंय ते वाचून घ्या. पहिल्या वेळी रात्री हुडहुडी भरून ताप आला, अंग असं दुखलं की काउंट गेले की काय म्हणून घरात रडारड. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, दोन-तीन दिवसांत उतरलं. दुसऱ्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. ताप आला तर मात्र आपल्या ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचाच, आमच्यासारख्यांचा ताप गृहीत धरायचा नसतो.

आठवड्याची गोळी मिळते, अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम, स्वस्त आहे. रिकाम्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. माझ्या घशाला ती झेपली नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे, त्याची तारीख चुकवून चालत नाही. मध्येच सोडलं तर हाड झपाट्याने उतरतं आणि मणके मोडू शकतात. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणाऱ्या माझ्यासारख्या घरात ते नकोच, असं डॉक्टरच म्हणाल्या.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, बायांनो. पाळी गेली तर 'बरं झालं, सुटलीस' म्हणणाऱ्या आत्या-मावश्या प्रत्येकीला असतात. छत्तिसाव्या वर्षी सुटका नसते, तो हाडांचा पगार बंद होणं आहे. हॉर्मोनच्या गोळ्या आपल्याला चालतील का हे ट्रान्सप्लांटचे डॉक्टर आणि त्या मिळून ठरवतात. मला चालल्या.

डीचं पाकीट 60,000 युनिटचं. आठवड्याला एक असं आठ आठवडे, नंतर महिन्याला एक, असं मला लिहून दिलं होतं. आमच्या ओळखीच्या एका काकांनी ते रोज घेतलं आणि कॅल्शियम वाढून थेट अ‍ॅडमिट झाले. शेजारच्या काकू अजून सांगतात, 'कोवळ्या उन्हात बस.' काकू, माझ्या कातडीला कोवळं काय आणि जून काय, ऊन ते ऊनच. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, जनऔषधी केंद्रात मिळते तीच, चार तारे. पाचवा तारा गोळीच्या आकाराने घालवला, गिळायची की चघळायची हे ठरवायलाच दोन घोट पाणी जातं. दिवसाचं एकूण हजार ते बाराशे मिलिग्रॅम व्हायला हवं, जेवण धरून. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याच्या कितीतरी पट. नाचणीची आंबील, तिळाची चटणी, दही (पाश्चराइज्ड दुधाचं, घरी लावलेलं) यात माझं बरंचसं भागतं. टीव्हीवरच्या 'हाडं मजबूत' पावडरीच्या डब्यावर पहिला घटक काय लिहिलाय तो वाचा आणि डबा परत फळीवर ठेवा.

किरकोळ वस्तू. काठी : अ‍ॅल्युमिनियमची, उंची कमी-जास्त होणारी घ्या, आणि दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरा. सिनेमातले म्हातारे दुखऱ्या बाजूलाच धरतात, ते चूक आहे. खालची रबरी टोपी झिजली की बदला, ओल्या फरशीवर तीच दगा देते. कमोडवर बसवायची उंच सीट : दिसायला भयंकर, कामाला उत्तम, पाच तारे. तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू मात्र दर आठवड्याला आवळावे लागतात. शिलाई मशीनला मोटर : पायटा गेला, खुबा वाचला, वीजबिल किरकोळ वाढलं. ही माझ्या सगळ्या खरेदीतली सगळ्यात शहाणी खरेदी.

आणि पुढून हूकचे, कडेला चेन लावलेले ब्लाउज, मोठ्या बटणांचे कुर्ते मी आता शिवून देते. खांदे वर जात नाहीत अशा पेशंट बायका फॉलो-अपच्या रांगेतूनच ऑर्डरी देतात. स्वतःच्या मालाला तारे द्यायचे नाहीत एवढी लाज मला आहे. मापाचा जुना ब्लाउज घेऊन या, पण ट्रान्सप्लांटच्या आधीचा नको, स्टेरॉइडने सगळ्यांचीच मापं बदललेली असतात. आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नवीन ऑर्डर घेत नाही.